खांबाला बांधलेली पोकळी

चंदूदादा मढवीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर एक घट्टा आहे. छत्तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात लेथ मशीन चालवलं, पण घट्टा त्यामुळे पडलेला नाही. जगातली दिसेल ती वस्तू ठोकून बघितल्यामुळे तो पडला आहे. कलिंगड, माठ, गॅसचा सिलिंडर, कुणी नवी घेतलेली स्कूटर. एकदा मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला गेला आणि पोहे यायच्या आत यजमानांचा देव्हारा ठोकून म्हणाला, "ह्यो सागवान नाय." लग्न मोडलं ते पत्रिकेवरून मोडलं असं दोन्हीकडचे लोक अजून सांगतात.

ठोकल्यावर तो मान कलती करून दोन क्षण ऐकतो. त्याचं म्हणणं असं की, वस्तू कधी खोटं बोलत नाही, आपण विचारत नाही एवढंच. आम्ही ह्या वाक्याला पुष्कळ हसलो आहोत. तेव्हा आमच्याकडे हसायला वेळ होता.

चंदूदादा उल्हासनगरच्या कॅम्प पाचात 'हिमालय दर्शन'च्या तिसऱ्या मजल्यावर राहायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनं लेथ मशीन आणलं आणि त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात मांडलं. समोरची 'कैलास दर्शन' आमची. दोन्ही एकाच बिल्डरनं एकाच वर्षी, एकाच घाईत उभ्या केल्या. त्या माणसाला पर्वतांची ओढ असावी, सिमेंटची नव्हती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर चंदूदादाच्या बहिणीची मुलगी जिज्ञासा एक कागद घेऊन गाळ्यात आली. ही बदलापूरला कात्रपमध्ये राहते आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करते. कागदावर दोन गोल होते, मध्ये बारीक मानेनं जोडलेले. शुद्ध तांब्याचे दोन पोकळ हंडे, दुधी भोपळ्याएवढे, आतून आरशासारखे. चंदूदादानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"आत काय भरायचं?"

"काही नाही, मामा. पोकळी."

"मग आतून आरसा कशाला? पोकळी काय तोंड बघनार?"

"आत लहरी सोडायच्या. मोबाईलच्या असतात तसल्याच. त्या भिंतींवर आपटत आतच घुमत राहतात. हंडा जेवढा, तसा त्यांचा सूर. भिंत केसाच्या लाखाव्या भागाएवढी सरकली तरी सूर बदलतो आणि मला तो पडद्यावर दिसतो."

चंदूदादानं टेबल ठोकलं, ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे टकटकच की. फक्त तू आतून ठोकतेस."

जिज्ञासा म्हणते की इतक्या थोडक्यात तिच्या गाईडनाही सांगता आलं नव्हतं.

चंदूदादाची बायको मोतीबाई चहा घेऊन खाली आली, तेव्हा जिज्ञासा पुढचं सांगत होती. दोन हंडे जोडले की त्यांचे मिळून दोन सूर होतात. एकात दोन्ही हंड्यांतल्या लहरी एका तालात हलतात, दुसऱ्यात एकीकडच्या पुढे तर दुसरीकडच्या मागे. ती फक्त पहिला सूर वाजवणार. दुसरा गप्प राहिला पाहिजे. उन्हानं तांबं फुगलं तरी दोन्ही हंडे सारखेच फुगतात, त्यामुळे दुसरा गप्पच राहतो. पण फार फार लांब दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशच थरथरतं. त्या थरथरीला गुरुत्वीय लहर म्हणतात. ती इथून जाताना एका हंड्याला ताणते, दुसऱ्याला दाबते, आणि आत कोंडलेल्या लहरींनाही थेट हात लावते. मग पहिल्या सुरातली चिमूटभर ऊर्जा दुसऱ्यात जाते.

"गप्प बसलेला सूर बोलायला लागतो, मामी."

"मेलेल्यांचं आयकायचं म्हंजे बरं न्हवं," मोतीबाई म्हणाली आणि कप ठेवून वर गेली.

जिज्ञासा हसली. हा नुसता नमुना आहे, ताऱ्यांचं ऐकण्याएवढे ह्याचे कान तिखट नाहीत, असं तिनं जिन्यापर्यंत जाऊन सांगितलं. खरा हंडा पुढे वेगळ्या धातूचा होईल, उणे अडीचशे अंशांच्याही खाली थंड करावा लागेल. आता फक्त हे शिकायचं होतं की ताऱ्यांखेरीज ह्या हंड्याला आणखी काय काय ऐकू येतं. प्रत्येक खोटी थरथर ओळखून तिला नाव देता आलं, तरच एखाद्या दिवशी उरलेली खरी सापडणार.

हंडे तीन महिन्यांत झाले. त्या तीन महिन्यांत चंदूदादानं लसूण सोडला, कारण श्वासानं तांबं काळवंडतं अशी त्याची समजूत झाली होती. जिज्ञासानं असं काही सांगितलं नव्हतं. हंडे तयार झाल्यावर त्यानं नेहमीसारखं बोटाचं पेर उचललं आणि ती ओरडायच्या आत स्वतःच हात मागे घेतला. आयुष्यात न ठोकलेली ती त्याची पहिली वस्तू.

आता प्रश्न असा आला की हंडा ठेवायचा कशावर. थोडं तासायचं, मोजायचं, परत तासायचं असं काम असल्यामुळे मोजणी गाळ्यातच होणार होती. जिज्ञासाला एक न हलणारी जागा हवी होती. टेबल हलतं, फरशी हलते. चंदूदादानं गाळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या जाड खांबाकडे बोट केलं.

"एक ब्रॅकेट ह्याला मारू, दुसरं जमिनीला. मध्ये हंडा. सगळी बिल्डिंग ह्याच्यावर उभी हाय. ह्यो हलला तर मग कायच राहिलं?"

हे बोलून तो हसला. ड्रिल मशीन लावल्यावर खांबातून भुकटी जरा ओलसर आली, पण आमच्याकडे सगळंच ओलसर असतं.

पुढचे दोन महिने चंदूदादाच्या आयुष्यातले सोन्याचे होते. इकडे कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी दुपारी आजूबाजूची यंत्रं बंद पडली की मामा-भाची पडद्यासमोर बसायची. दुसऱ्या सुराची हिरवी रेघ सरळ पडलेली असायची आणि मध्येच शहारायची. जिज्ञासा विचारायची, "हे काय?" आणि चंदूदादा डोळे मिटून सांगायचा.

"विठ्ठलवाडीला मालगाडी. लोड हाय."

"हे?"

"नाल्यापलीकडचा पंप."

"आणि हे, एकसारखं?"

"नानिकशेठ जिना उतरतोय. डाव्या गुडघ्याचा त्रास वाढला त्याचा."

नानिकशेठ म्हणजे बिल्डिंगचे चेअरमन, दुसऱ्या मजल्यावरचे. जिज्ञासानं बाहेर जाऊन पाहिलं. नानिकशेठ डावा गुडघा चोळत उभे होते. नावांची वही भरत गेली. कुणाचं वाटण, कुणाचं धुण्याचं मशीन, कुणाची भांडणं. बिल्डिंगमध्ये अशी बातमी पसरली की चंदूच्या हंड्यात सगळं ऐकू येतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या एका जोडप्यानं काही दिवस कुजबुजत भांडण केलं.

मग एका शुक्रवारी जिज्ञासा म्हणाली, "मामा, हे?"

रेघ शहारली नव्हती. ती नुसती वर सरकली होती, मागच्या शुक्रवारपेक्षा अगदी जराशी. मालगाडी येते आणि जाते, पंप बंद होतो, नानिकशेठ खाली पोचतात. हे आलं होतं आणि गेलं नव्हतं. चंदूदादानं डोळे मिटले. वहीत त्या रेघेपुढची जागा पहिल्यांदा कोरी राहिली.

पुढच्या शुक्रवारी रेघ आणखी वर होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी. आकाशातलं काही असेल का, असं चंदूदादानं आशेनं विचारलं. जिज्ञासा म्हणाली, आकाशातलं असं मुक्कामाला येत नाही. हंड्याचा सांधा ढिला झाला असेल म्हणून तिनं हंडा काढून टोकं उलटी केली, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. तरी खांबाकडे जो हंडा असेल तोच दबत होता. मग तिनं जोडी ब्रॅकेटमधून सोडवून रबरावर ठेवली. रेघ जमिनीवर पडली आणि चार दिवस सरळ पडून राहिली. परत खांबाला लावल्यावर ती पुन्हा चढायला लागली.

दोघं एकमेकांकडे न बघता खांबाकडे बघत राहिले. ज्याला न हलणारा म्हणून निवडलं होतं तोच हलत होता, आणि कमालीच्या संयमानं हलत होता.

चंदूदादा उठला. छातीएवढ्या उंचीवर त्यानं खांब ठोकला. आवाज आला तो दगडाचा आला नाही. जिज्ञासाला तो कसा होता विचारलं तर ती म्हणते, ओल्या गादीवर थाप मारल्यासारखा. चंदूदादा पहिल्या मजल्यावर गेला, तिथे ठोकलं. दुसऱ्यावर नानिकशेठच्या दिवाणखान्यात गेला, तिथे खांबावर प्लास्टर ऑफ पॅरिसची वेलबुट्टी होती, ती ठोकली आणि नानिकशेठचा पापड हातात थांबला. तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यानं कपाट बाजूला सरकवलं. सत्तावीस वर्षं त्या खांबाला टेकून मोतीबाई भाजी निवडत होती. त्यानं ठोकलं. मोतीबाईनं ऐकलं आणि विळीवरून उठली.

"मेलेल्यांचं म्हनले मी," ती म्हणाली. "ऱ्हात्या घराचं न्हवतं म्हनले."

सोळा बिऱ्हाडं, त्रेसष्ट माणसं. चंदूदादानं जिन्यात सभा घेतली. तो हातवारे करून हंडा, सूर, गुरुत्वीय लहर असं सगळं सांगत गेला, आणि जसजसं सांगत गेला तसतसे लोक सैल होत गेले.

"म्हणजे तारे आदळले आणि आपला खांब हलला?" कुणीतरी विचारलं.

"तारे नाय आदळले. ताऱ्यासाठी केलेला हंडा खांबाला लावला, म्हनून खांबाचं कळलं."

"अरे चंदू," नानिकशेठ म्हणाले, "बिल्डिंग धोकादायक हाय, हे सांगायला हंडा कशाला? नोटीस तर हर साल लागते. पावसाच्या आधी. आपल्या बिल्डिंगचा तो बर्थडे हाय."

लोक हसले. मग हसू ओसरल्यावर नानिकशेठ हळू आवाजात म्हणाले, "पलीकडच्या सात नंबर बिल्डिंगवाले दुरुस्तीपुरते दोन महिन्यांसाठी खाली उतरले होते. नऊ वर्षं झाली. परत वर कोण चढलं? तू चढणार? मी चढणार?"

चंदूदादाकडेही तिसऱ्या मजल्याखेरीज दुसरं काही नव्हतं. त्यानं महापालिकेत तक्रार दिली, तपासणीला मंगळवारची तारीख मिळाली. पण गुरुवारी जिज्ञासानं पडदा दाखवला. आधी जी चढण आठवडाभरात होत होती, ती आता सकाळ-संध्याकाळात होत होती. "मंगळवारपर्यंत थांबेल असं वाटत नाही, मामा," ती म्हणाली. रेघ एवढी शांतपणे चढत होती की तिच्याकडे बघताना आपण जोरात श्वास घेऊ नये असं वाटायचं.

छत्तीस वर्षांत चंदूदादानं एकही माप खोटं लिहिलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यानं आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि घरोघर जाऊन खोटं सांगितलं. रविवारी जिज्ञासाची हळद आहे, समोरच्या मैदानात मांडव आहे, आणि सगळ्यांना चूलबंद आमंत्रण आहे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हातारंकोतारं, तान्हं, पाहुणा, झाडून सगळ्यांनी मांडवात यायचं. नोटिशीला दाद न देणारी माणसं ह्या शब्दाला लगेच मान डोलवतात. आगरी हळदीचं जेवण कुणी सोडत नाही.

जिज्ञासाच्या आईनं भावाशी बोलणं टाकलं. जिज्ञासा म्हणाली, "बसते मी पाटावर. फक्त लॅपटॉप मांडीवर ठेवू द्या."

रविवारी सकाळी नऊलाच हळद सुरू झाली, तिथेच लोकांना खटकलं. आगऱ्यांची हळद आणि सकाळी? त्यात डीजे नाही. डीजेशिवाय हळद म्हणजे मिठाशिवाय मटण, असं पोरं बोलायला लागली. डीजेच्या धडधडीनं खांबाचं काय होईल हे त्यांना कोण सांगणार? चंदूदादानं गावाकडून लग्नाचे धवळे गाणारी म्हातारी आणली होती. ती बसक्या आवाजात गात होती आणि टोपात रस्सा रटरटत होता. शाकाहारी मंडळींचा टोप वेगळा, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. पाटावर जिज्ञासा, गालाला हळद, मांडीवर लॅपटॉप, त्यावर टॉवेल. गाळ्यातून एक लांब वायर रस्ता ओलांडून तिच्यापर्यंत आली होती आणि तिच्यावर फुलांची माळ टाकली होती.

"मुलगा कुठला?" बायका विचारत होत्या.

"लांबचा," मोतीबाई म्हणाली. "लय लांबचा."

चंदूदादा जेवणाकडे बघतच नव्हता. तो माणसं मोजत होता. पहिली पंगत बसली, दुसरी उभी राहिली, त्यानं तीनदा मोजलं. बासष्ट. नानिकशेठ नव्हते. त्यांची सून म्हणाली, पप्पा रुसलेत. चेअरमनला बोलवायचं तर स्वतः हातात अक्षता द्यायच्या, सुनेजवळ निरोप ठेवतात का?

खरोखरच चुकलं होतं. शुक्रवारी नानिकशेठ झोपलेले होते आणि चंदूदादानं निरोप ठेवला होता. त्यानं मोतीबाईच्या ताटातून मूठभर अक्षता उचलल्या. मोतीबाईनं त्याचा सदरा धरला.

"दुसरा कोनीतरी जाईल."

"दुसरा गेला तर तो येनार नाय," चंदूदादा म्हणाला, आणि पंगतीला पाठ करून बिल्डिंगमध्ये शिरला.

पुढचं नानिकशेठनी स्वतः सगळ्यांना सांगितलं आहे, दर वेळी आवाज जरा आणखी खाली घेऊन. ते बनियनवर सोफ्यात बसले होते, पुढ्यात चहा. चंदूदादानं अक्षता त्यांच्या हातावर ठेवल्या.

"चला शेठ, तुमच्याशिवाय पंगत उठत नाय."

"पैले सच बोल. लग्न हाय का नाय?"

चंदूदादा खोट्याला तीन दिवसांत कंटाळला होता. "नाय," तो म्हणाला.

"मग हा तमाशा?"

चंदूदादानं वेलबुट्टीवर बोटाचं पेर टेकवलं आणि एकदाच ठोकलं. नानिकशेठ म्हणतात, आवाज आलाच नाही. आवाज यायला हवा तिथे काहीच नव्हतं. आणि थोड्या वेळानं, कुणी न ठोकता, भिंतीच्या आतून एक टक असा आवाज आला. त्यांच्या चहात पांढरी भुकटी पडली.

तेवढ्यात चंदूदादाचा फोन वाजला. मांडवात जिज्ञासानं टॉवेल बाजूला फेकला होता. "मामा, दुसरा सूर पहिल्यापेक्षा मोठा झाला," एवढंच ती म्हणाली.

दोघं जिन्यानं उतरले. नानिकशेठचा डावा गुडघा, म्हणून चंदूदादानं त्यांना खांद्याशी धरलं होतं. गाळ्यासमोर तो क्षणभर थांबला. आत तांब्याची जोडी खांबाला लागून तशीच चमकत होती. त्यानं फक्त शटरवर हात ठेवला आणि निघाला. आम्ही मांडवातून बघत होतो. एक अनवाणी, बनियनमधला माणूस आणि एक पांढऱ्या सदऱ्यातला, रस्ता ओलांडताना. पंगतीत दुसरा भात फिरत होता.

बिल्डिंग कोसळली असं लोक म्हणतात. आम्हाला ती बसली असं वाटलं. दिवसभर उभं राहून थकलेलं माणूस बसतं तशी मधून बसली, आणि मग धूळ आली. धवळे गाणारी म्हातारी कडव्याच्या मध्ये थांबली. धूळ खाली बसल्यावर जिज्ञासाच्या अंगावरची हळद पांढरी झाली होती आणि पंगतीतला प्रत्येक माणूस हातातला घास तसाच धरून होता. चंदूदादा पुन्हा मोजत होता. त्रेसष्ट. मग त्यानं बोट स्वतःच्या घराच्या जागेकडे नेलं, जिथे आता नुसतं आभाळ होतं, आणि हात खाली घेतला.

हंडा तिसऱ्या दिवशी सापडला, भाकरीसारखा चपटा. जिज्ञासाकडे शेवटच्या सात मिनिटांची नोंद आहे. ती प्रबंधात घालावी का नाही, ह्यावर तिचा आणि गाईडचा वाद चालू आहे. वहीतल्या कोऱ्या जागेत चंदूदादानं पेन्सिलीनं 'घर' असं लिहिलं. आता तो आणि मोतीबाई कात्रपला बहिणीच्या शेजारी राहतात. बहीण अजून नीट बोलत नाही, पण डबा पाठवते.

चंदूदादा मधूनमधून कॅम्पात येतो. पूर्वी त्याला पाहून लोक कलिंगड पुढे करायचे. आता तो गल्लीत शिरला की दुकानदार हात भिंतीवर ठेवून उभे राहतात, जणू त्यानं ठोकू नये म्हणून. त्याच्या घरचं आमंत्रण आलं तर लग्न कुणाचं हे कुणी विचारणार नाही, आधी कागदपत्रं पिशवीत भरतील.

गेल्या रविवारी तो आमच्याकडे 'कैलास दर्शन'ला चहाला आला. गुडघे, भाजी, भाचीचा प्रबंध, पुष्कळ गप्पा झाल्या. बोलता बोलता त्याचा उजवा हात मागे गेला, स्वयंपाकघराच्या खांबाकडे. टकटक. मान कलती झाली. आम्ही चहा गाळायचं थांबलो.

त्यानं हात परत पुढे आणला. बशीतला शेवटचा घोट घेतला, बशी जपून खाली ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"तुमच्या बिल्डिंगीत मानसं किती, म्हनायची?"